मुक्कामाच्या गाडीतला शेवट

परीक्षा आणि द्राक्षं आमच्याकडे एकाच सुमाराला येतात. सिडकोतल्या आमच्या कॉलनीत सकाळी सकाळी हातगाडीवाला ओरडत फिरायला लागला आणि घराघरांतून पाढ्यांचे आवाज यायला लागले, की समजायचं, वार्षिक परीक्षा जवळ आली. माझी पिंकी दुसरीत आहे. दुसरीची परीक्षा ती काय, असं तिचे वडील म्हणतात, पण त्यांना काय जातंय म्हणायला! अभ्यास माझ्या गळ्यात. पोरगी सतराच्या पाढ्यात एकदा अडकली की रस्त्यावरच्या गुरासारखी तिथेच उभी राहते, मागे नाही की पुढे नाही.

द्राक्षांचं म्हणाल तर मी बागाइतदाराची लेक. हातगाडीवरची द्राक्षं मी हातात घेते, देठ बघते, एक मणी तोंडात टाकते आणि नाक मुरडून परत ठेवते. गाडीवाला मला आता ओळखतो, लांबूनच दुसरीकडे बघतो. यंदा तर विकत घ्यायची वेळच आली नाही. शुक्रवारी दिंडोरीच्या गाडीनं मावशी आल्या, डोक्यावर पाटी, पाटीत शेवटच्या तोडणीची द्राक्षं. हे मणी जरा जाड सालीचे असतात, उन्हाच्या बाजूनं थोडे पिवळे पडलेले. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही, पण गोडी म्हणाल तर त्यांचीच. बाग करणाऱ्यांच्या घरात हीच खातात.

मावशी म्हणजे माझी सावत्र आई. हे एकदा सांगून टाकलेलं बरं. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा संजू चारचा. दोन वर्षं दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हाला कसंबसं सांभाळलं. चुलीवर भाकरी करपवत, माझ्या वेण्या वाकड्या घालत. मग लासलगावकडची ही मुलगी करून आणली. नातेवाइकांनी आम्हाला सांगितलं, हिला मावशी म्हणायचं. आई म्हणा असं सांगायचं धाडस कुणाला झालं नाही, आणि मीही सांगितलेलं ऐकणारी नव्हते. मी लहानपणी भारी खवचट होते. आता नाही असं मी म्हणते, बाकीचे काही बोलत नाहीत.

त्यांचं वय तेव्हा बावीस. माझ्या ऑफिसात आता एक बावीस वर्षांची मुलगी टायपिस्ट म्हणून लागली आहे. तिला स्वतःचा डबा सांभाळता येत नाही, आठवड्यातून दोनदा बसमध्ये विसरून येते. तिच्याकडे बघताना मला कधी कधी दचकायला होतं. ह्या वयाची मुलगी आमच्या घरात आली होती. दीड एकर बाग, दोन पोरं आणि भिंतीवर हार घातलेला फोटो, एवढं सगळं तिच्या पुढ्यात ठेवून सगळे आपापल्या कामाला लागले होते.

तो त्यांचा आमच्याकडचा पहिलाच हंगाम. मोरचुदाच्या फवारणीनं विहिरीकडची भिंत निळी झालेली असायची, कपड्यांना गंधकाचा वास. तोडणीला बायका यायच्या, कात्री लावून घड हलकेच पाटीत ठेवायच्या. घडावरची पांढरी लव पुसली जाऊ नये म्हणून देठालाच धरायचं, हे मावशींना माहीत नव्हतं. त्या कांद्याच्या मुलखातल्या. पहिल्या दिवशी त्यांनी घड चांगला दोन्ही हातांनी धरला, आणि मी अकरा वर्षांची कार्टी सगळ्या बायकांसमोर त्यांना म्हणाले, की हा कांदा नाही. बायका हसल्या. मावशीही हसल्या आणि त्यांनी देठाला धरलं.

शेवटची तोडणी झाली, पेट्या गेल्या आणि माझी वार्षिक परीक्षा संपली, की दादा आम्हाला नाशकात सिनेमाला न्यायचे. वर्षातून एकदाच. आता इथे आमच्या गावाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गावातल्या कुणीही कधी कुठल्या सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. टॉकीजमधला दुपारचा खेळ तीनला सुरू व्हायचा, आधी सरकारी बातम्यांचं रीळ, मग जाहिराती, मग मध्यंतर. सुटायला सव्वासहा. आणि आमच्या गावाला मुक्काम करणारी गाडी स्टँडवरून पावणेसहाला निघायची. ती चुकली तर रात्र स्टँडवर. त्यामुळे साडेपाच वाजले की अंधारात चुळबुळ सुरू व्हायची, आणि पडद्यावर काहीही चाललेलं असो, आमच्या वाटेवरची सगळी गावं एका वेळी उठायची. रांगाच्या रांगा रिकाम्या. मागचे लोक आमच्या नावानं ठणाणा करायचे.

मग शेवट ज्याचा त्यानं करायचा. गाडीत चर्चा सुरू व्हायची ती गाव येईपर्यंत. गिरणीवाल्या आप्पांच्या शेवटात कायम लग्न असे, आणि आमच्या शाळेचे गुरुजी प्रत्येक सिनेमात कुणाला तरी तुरुंगात धाडत. दोन माणसांचे शेवट कधी जुळले नाहीत, पण त्यावरून भांडणही झालं नाही. खरा कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं ना.

त्या वर्षी सिनेमा निवडला दादांनी. दादा सिनेमा निवडायचे तो टॉकीजपासून स्टँडपर्यंतचं अंतर बघून. जे टॉकीज सगळ्यात जवळ, तिथे जे लागलं असेल ते. बाहेरची पोस्टरं त्यांनी आयुष्यात कधी वाचली नाहीत. दादा साधे, प्रेमळ, कष्टाळू, सगळं खरं. पण लग्नाला चार महिने झालेल्या बायकोला आणि सावत्र पोरांना घेऊन हा माणूस जो सिनेमा बघायला गेला, त्यात एक सावत्र आई दोन पोरांचा छळ करते! बसल्यावर दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं. दादांच्या लक्षात केव्हा आलं कुणास ठाऊक, ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

काय सांगू तुम्हाला, ती सावत्र आई! कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती पडद्यावर आली की ढोल वाजायला लागायचे. लाडवांचा डबा कुलूप लावून ठेवायची, मोठ्या मुलीला विहिरीवर पाणी आणायला पाठवायची. ती मुलगी हुबेहूब मी, असं मला वाटलं. बाप बिचारा परगावी नोकरीला, त्याला काही पत्ता नाही. एक नोकर होता, गमत्या, तोंडानं चित्रविचित्र आवाज काढणारा, तो दाराआडून सगळं ऐकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तो पोरांचा एकुलता एक मित्र. सगळं टॉकीज त्या बाईच्या नावानं बोटं मोडत होतं. आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई तर मागे वळली आणि मावशींना म्हणाली, असल्या बायांना फटके मारले पाहिजेत, नाही का हो? मावशी म्हणाल्या, हो ना. संजू त्यांच्या मांडीवर झोपून गेला होता. मी मात्र ताठ बसून अर्धा वेळ पडद्याकडे आणि अर्धा वेळ त्यांच्या कमरेकडे बघत होते. दादांनी धान्याच्या कोठीची किल्ली त्यांच्याकडेच दिलेली होती.

बाप घरी परततो, सगळं उघडकीला येतं, ती बाई बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी राहते. आणि तेवढ्यात दादा उठले. चला, गाडी.

मी गाडीत बसून जी रडायला लागले, ती कुणाला ऐकेना. मला शेवट पाहिजे होता. दरवर्षी मी काही रडायची नाही, पण त्या वर्षी त्या बाईचं काय झालं ते मला कळायलाच हवं होतं. दादा म्हणाले, असंल काहीतरी चांगलंच. आप्पा आलेले नव्हते, गुरुजी मागच्या बाकावर पेंगत होते. तेव्हा खिडकीशी बसलेल्या मावशी वळल्या आणि म्हणाल्या, मी सांगते. घरात आल्यापासून त्या माझ्याशी इतकं एका वेळी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, त्या बाईला घराबाहेर घालवलं. सगळं गाव जमा झालं. कुणी तिला थांब म्हणालं नाही. ती शिवेपर्यंत गेली, वळून वळून बघत गेली, पण पोरांनी काही हाक मारली नाही. मग पोरं आणि त्यांचा बाप सुखात राहिले.

मी टाळ्या वाजवल्या. तिकिटं फाडता फाडता कंडक्टर ऐकत होता, तोही म्हणाला, बरी जिरली. मावशी हसल्या आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्या सुट्टीत आम्ही तोच सिनेमा खेळलो. बागेत पानं दाट झालेली, मांडवाखाली गार सावली, तिथे. सिनेमाची मालकीण अर्थातच मी. संजूला मी सावत्र आई केलं. त्याला लुगडं कुठून आणायचं? मावशींनी स्वतःची जुनी साडी दिली. एवढंच नाही, बांधावर उभं राहून बघत होत्या, तर जवळ आल्या आणि संजूचा पदर नीट खोचून दिला, किल्ल्या कुठे लटकवायच्या तेही दाखवलं. मग मी त्याला हाकलायची. जा, चालती हो! तो साडीत पाय अडकून पडत झडत बागेच्या टोकापर्यंत जायचा आणि आम्ही सगळी पोरं ओरडायचो. रोज. कमीत कमी महिनाभर रोज. हे आठवलं की अजूनही माझे कान तापतात. आणि खोटं कशाला बोलू, तो खेळ किती रंगायचा तेही आठवतं. साडीतून डोकं बाहेर काढून संजू विचारायचा, मी परत कधी येऊ? मी म्हणायची, यायचं नाही.

पुढे काही भयंकर घडलं असं नाही. मावशींनी लाडू कुलपात ठेवले नाहीत. गूळ मुंग्यांपासून वर ठेवला, तो मी पुरावा म्हणून धरला. केसांत तेल घालताना ओढलं, तोही पुरावा. पण छळ काही जमेना. पुरावे गोळा करून करून मी कंटाळले, मोठी झाले, नाशकात शिकायला आले. त्यांच्याशी बरं जमायला लागलं. लग्न झाल्यावर तर जास्तच. तरी मी त्यांना मावशी आणि तुम्हीच म्हणत राहिले. लागलेली सवय, आणि बदलायची म्हटलं तरी कुठून सुरुवात करायची असते, ते कुणी शिकवत नाही.

तर परवाचा शनिवार. पिंकीचा पेपर सोमवारी, म्हणून मी टीव्ही लावू देणार नव्हते. पण संध्याकाळचा मराठी सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच दृश्यात कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दिसला. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. पिंकीला काय, सुटकाच झाली. ती आजीच्या मांडीला टेकून बसली. मावशी खिचडीसाठी ताटात तांदूळ निवडत होत्या. हे खुर्चीत.

मी अठरा वर्षांनी तो सिनेमा बघत होते आणि मला काही केल्या ती बाई सापडेना. जिला मी ओळखत होते ती. पडद्यावर होती ती एक ओढलेल्या चेहऱ्याची तरुण मुलगी, फार तर चोवीसची, डोळ्यांखाली काळं. ढोल वाजायचे तेवढे वाजत होते. पण ते ढोल कानाआड केले तर ती बाई करत काय होती? कोठीला कुलूप लावत होती, कारण घरात महिन्याचं धान्य मोजकं होतं, हे एक वाक्य सिनेमात चक्क आहे, तेव्हा मी ते ऐकलंच नव्हतं. मुलीला पाणी आणायला सांगत होती. मी पिंकीला पाणी आणायला सांगते तेव्हा कुणी ढोल वाजवत नाही. एक चापट ती मारते, आणि ती वाईटच, त्यात मी तिची बाजू घेणार नाही. पण नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन ज्या हातानं मारलं त्याच हाताकडे बघत उभी राहते. तेव्हा मला वाटलं होतं, पुढचा कट रचतेय.

आणि तो बाप! परगावाहून येतो, चप्पल काढतो, विचारतो, पोरं जेवली का? आणि ह्या एका वाक्यावर अख्ख्या टॉकीजनं त्याला देव केलं होतं. मी म्हटलं, विचारतोस काय, वाढ की स्वतः. आमचे हे म्हणाले, अगं दमून आलाय तो. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत पडद्याकडे वळले. गमत्या नोकर तर मला बघवेना. ह्या घरचं त्या घरी सांगत फिरणारा, चुगलखोर मेला. त्यानं तोंडाने आवाज काढले तेव्हा पिंकी मात्र खदाखदा हसली. तिचंही बरोबर आहे, सात वर्षांची आहे ती.

मग बाप घरी परतला. ती बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. घड्याळात बघायची मला उगाच सवय लागलेली, पण ह्या वेळी कुणी उठवायला येणार नव्हतं. मी जरा पुढे सरकून बसले. मला माहीत होतं, आता सगळं गाव जमा होणार.

मावशींनी ताटातून मान वर काढली नाही. खडा बाजूला टाकत पिंकीला म्हणाल्या, "आता ती पोरगी पळत येती बघ. आई म्हणून हाक मारती तिला."

आणि पोरगी पळत आली. वाटेत पडली, उठली, बैलगाडीमागे धावली. जी सिनेमाभर एकदाही त्या बाईला कशानंच हाक मारत नव्हती, ती 'आई' म्हणून ओरडली. बाई गाडीतून उतरली. संपला सिनेमा.

मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे मावशींनी हा सिनेमा आधीच पाहिला होता. इतकी वर्षं मी समजत होते, गावात सगळे करतात तसा त्यांनीही गाडीत बसून शेवट रचला. मी विचारलं, तर म्हणाल्या, हो, लग्नाच्या आदल्याच वर्षी, लासलगावला तंबूतल्या टॉकीजात. मैत्रिणी मैत्रिणी गेलो होतो. पुढच्या रांगेत बसून त्या बाईला इतक्या शिव्या घातल्या की घसा बसला होता. मग वर्षभरानं दादांनी तोच दाखवायला नेलं. टॉकीजच्या दारातच ओळखला मी, म्हणाल्या, पण तिकिटं काढली होती.

"मग मला गाडीत तसं का सांगितलं?" मी म्हटलं. "खरा शेवट तर तुमच्या बाजूचा होता."

त्यांनी तांदूळ एका कडेला ओढले. हे उठून उगाचच बाहेर गेले.

"म्हणूनच की गं," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, ही आई म्हणवून घ्यायला बघती. मागून घ्यायची चीज हाय का ती?"

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही, पिंकीनं पाहिलं आणि सिनेमामुळे रडतेय असं समजून मला समजावलं, की ते सगळं खोटं असतं. मावशींनी तेवढ्यात ताट उचललं. मी म्हटलं, मावशी, मी फार वाईट वागले हो. टाळ्या वाजवल्या मी. रोज हाकलत होते. त्या म्हणाल्या, लेकरू होतीस. मी म्हटलं, पण नंतरही कधी म्हटलं नाही.

"म्हटलंस की," मावशी म्हणाल्या. "पिंकीच्या वेळी. दवाखान्यात. कळ आली की आई गं, आई गं. रातभर. मी दर टायमाला ओ देत होते."

बाळंतपणात कोण कुणाला हाक मारतं? माझी गेलेली आई तेव्हा मनात होती, की नुसती कळ होती, मला खरंच सांगता येणार नाही. पण कपाळावर एक हात होता आणि दर वेळी जवळून कुणीतरी ओ देत होतं, हे मला लख्ख आठवतं. मी तेव्हा ते नर्स बाईचं काम समजले असेन.

मावशी ताट घेऊन आत गेल्या. पिंकीनं टीव्ही बंद केला आणि आपण होऊन पुस्तक उघडलं. नळ सुरू झाला, तांदूळ धुतल्याचा आवाज आला. माझं तेव्हा काहीही दुखत नव्हतं. तरी मी हाक मारली.

"ओ," आतून आवाज आला. "आन् जिरं कुठं ठेवलंस गं?"